पुन्हा सांगावे

४ फेब्रुवारी

चि. चिकटराव,

आशीर्वाद आहेतच, पण आज ते जरा कडक आवाजात घे. माझं डोकं फिरलंय. तुझ्या भावोजींचे कान तेच तेच ऐकून किटले, म्हणून आता तुझी पाळी. फोन केला असता, पण फोनवर आपलं काय होतं ते तुला माहीत आहे. मी ओरडते, तू दोनदा ‘हं’ म्हणतोस आणि ठेवून देतोस. पत्राला तू निदान शेवटपर्यंत बोलू देतोस.

तर, माझं लायसन्स अडकलं. दर पाच वर्षांनी जाते तशी नूतनीकरणाला गेले होते. बावीस वर्षं शाळेची बस चालवतेय, गाडीवर एक ओरखडा नाही, म्हणून मी आपली ऐटीत खुर्चीवर बसले. कारकुनाने कॉम्प्युटरमध्ये पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग पडदा हळूच स्वतःकडे वळवला आणि आवाज खाली आणून म्हणाला, “बाई, यंदापासून सरकारी आरोग्य नोंद आम्हाला दिसते. तुमच्या नोंदीत आकडी आहे.”

“काय आहे?”

“आकडी. फिट येते तुम्हाला. अशा माणसाला मुलांची बस देता येत नाही.”

मी म्हटलं, मला आयुष्यात चक्कर आलेली नाही, आकडी कुठली? दाखवा बघू काय लिहिलंय. तर म्हणतो, “दाखवता येणार नाही. ते गोपनीय आहे.”

“कुणापासून गोपनीय?”

“तुमची खासगी माहिती आहे ना, म्हणून.”

“म्हणजे माझी खासगी माहिती माझ्यापासून गोपनीय?”

त्याने मला एक छापील कागद दिला. चार मार्चच्या आत ही नोंद चुकीची असल्याचं सिद्ध करा, नाहीतर लायसन्स रद्द. शाळेने त्याच दिवशी माझी सहा नंबरची बस दुसऱ्या ड्रायव्हरला दिली. तो ब्रेक मारतो की खिळा ठोकतो, कळत नाही. तिसऱ्या वळणावर ज्या मुलीला मळमळतं, तिला मी नेहमी खिडकीशी पुढे बसवायची. त्याने मागे बसवलं. व्हायचं तेच झालं, आणि ती बस धुतली कुणी? मी. कारण सध्या मला बसगाड्या धुवायच्या कामावर ठेवलंय.

मला वाटतं, माझ्याच नावाची दुसरी कुणी बाई असणार आणि तिचं माझ्या नावावर चढलं असणार. तरी विचारते. माझ्या लहानपणी असं काही झाल्याचं आई तुला कधी बोलली होती का? मला ती फक्त कामं सांगायची. गोष्टी सगळ्या तुला, शेंडेफळाला.

लवकर लिही. पोस्टकार्डावर चार ओळी खरडू नकोस.

तुझी,
ताई

*

७ फेब्रुवारी

ती. ताईस,

साष्टांग घालायला इथे जागा नाही, सगळीकडे पुठ्ठे पसरलेत. उभ्यानेच नमस्कार.

तुझं पत्र वाचून फार वाईट वाटलं. तुला आकडी कधीही आलेली नाही, हे मी शपथेवर सांगतो. आईनेही तुझ्याबद्दल तसं काही सांगितलं नव्हतं. तेव्हा तू निर्धास्त राहा.

माझा सल्ला ऐकशील तर जुन्या नोंदीच्या मागे लागू नकोस. चांगल्या डॉक्टरकडून तपासून घे, नवा दाखला घे आणि तो कारकुनाच्या हातात दे. संपला विषय. सरकारी कागद एकदा उकरायला घेतले की काय काय वर येईल सांगता येत नाही. जुन्या पुस्तकाची शिवण उसवल्यावर मला रोज हा अनुभव येतो.

इथे ठीक आहे. वाचनालयात सध्या जुन्या वर्तमानपत्रांचे खंड बांधायला काढलेत. ते सगळ्यात वरच्या फळीवर असतात, त्यामुळे ग्रंथपालबाईंना शिडीवर चढून काढून द्यावे लागतात. परवा त्या वरून म्हणाल्या, “तुमचे पाय काय भाड्याने दिलेत का?” मी हसून वेळ मारून नेली.

दाखला घेतलास की कळव. भावोजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

*

१४ फेब्रुवारी

चि. चिकटराव,

तुझा सल्ला ऐकला आणि दोन दिवस वाया घालवले. डॉक्टरांनी मला तपासलं, गुडघ्यावर हातोडी मारली, डोक्याला वायरी लावल्या, सगळं छान म्हणाले. पण दाखल्यात लिहिलं, ‘आज तपासणी निर्दोष. पूर्वीची नोंद पाहिल्याशिवाय अधिक सांगता येत नाही.’ तो घेऊन लायसन्सच्या ऑफिसात गेले तर कारकून म्हणाला, आधी नोंद दुरुस्त करून आणा. तिथे फक्त एक शब्द दिसतो म्हणे, पूर्ण नोंद त्यालाही दिसत नाही. म्हणजे एका शब्दावर माझी बस गेली.

मग गुरुवारी नोंद कार्यालयात गेले. मोठा हॉल, एकमेकींना नटबोल्टने जखडलेल्या खुर्च्या, आणि टोकन देणारं एक यंत्र. ते कागद अर्धाच बाहेर काढतं आणि उरलेला आपण ओढायचा. माझं टोकन फाटलं, त्यामुळे मी एकशे सतरा आहे की एकशे अकरा यावर एका आजोबांशी माझं वाजलं. शेवटी चार नंबरच्या खिडकीवर पोचले. तिथे एक बाई आहेत, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, बोलणं मोजून मापून. पण बाई सरळ. मी गोपनीयवाली गोष्ट सांगितली तर त्यांनी माझ्या डोक्यावरच्या पाटीकडे बोट केलं. ‘शासनाकडे असलेली स्वतःची नोंद पाहण्याचा आणि दुरुस्त करून घेण्याचा प्रत्येकाला हक्क आहे.’ म्हणाल्या, “त्याने तुम्हाला तेव्हाच माझ्याकडे पाठवायला हवं होतं.” मला त्यांचे पाय धरावेसे वाटले, पण मध्ये काच होती.

आनंद किती टिकला? पाच मिनिटं. त्यांनी बटण दाबलं आणि म्हणाल्या, “तुमच्या फोनवर सहा आकडे येतील, ते सांगा. त्याशिवाय नोंद उघडत नाही.” फोन काउंटरवर ठेवून मी त्याच्याकडे टक लावून बसले. काही नाही. वीस मिनिटांनी पुन्हा पाठवले. काही नाही. बाईंनी नीट पाहिलं तर नोंदीला जोडलेला नंबर माझा नाहीच. शेवटचे दोन आकडे ४१. पूर्ण नंबर त्यांनाही दिसत नाही. मी म्हटलं, मग माझा नंबर घाला. तर नंबर बदलायलासुद्धा ते सहा आकडे लागतात, आणि तेही त्या जुन्याच नंबरवर येतात! बाई म्हणाल्या, “मला माहीत आहे तुम्ही काय म्हणणार आहात. रोज दहा जण म्हणतात.”

हा ४१वाला कोण? सगळ्यांच्या नोंदी कॉम्प्युटरवर चढवल्या त्या वर्षी माझ्याकडे फोन नव्हता, एवढं आठवतं. फॉर्म कुणी भरला होता? तुझ्या काही ध्यानात आहे का? नीट आठव. अठरा दिवस उरलेत. बस गेली तर या वयात मला दुसरं कोण काय चालवायला देणार? आणि दुसरं काही मला येत नाही, यावंसं वाटतही नाही.

ता. क. त्या बिचाऱ्या बाईंना शिडीवर का चढवतोस रे? एवढा धडधाकट माणूस तू. मी तिथे असते तर तुला कान धरून वर चढवला असता.

ताई

*

१७ फेब्रुवारी

ती. ताईस,

नमस्कार.

कामाची फार घाई आहे म्हणून थोडक्यात. फॉर्म कुणी भरला ते मला आठवत नाही. ४१वाल्याबद्दलही काही सांगता येणार नाही.

ताई, एक सुचवतो, रागावू नकोस. तुझे गुडघे दुखतात. पहाटे उठून बावीस वर्षं केलंस, खूप झालं. भावोजींची नोकरी आहेच. बसशिवायही माणसं जगतात.

तुझा,
धाकटा

*

२० फेब्रुवारी

काल तुझं पत्र आलं. ‘बसशिवायही माणसं जगतात’ वाचल्यावर मी खरंच तुला फोन करून ओरडणार होते. फोन घेतला, तुझं नाव काढलं. हल्ली नंबर कुणाला पाठ असतात? नाव दाबलं की लागतो. पण काल दाबायच्या आधी नावाखालचे बारीक आकडे वाचले. शेवटी ४१.

मग सगळं आठवलं. मी फॉर्म भरताना फोन नाही म्हटलं, तेव्हा भरून घेणारा माणूस म्हणाला, घरातल्या कुणाचाही नंबर द्या. मी अभिमानाने तुझा दिला होता. आपल्या घरात पहिला फोन तू घेतलास.

म्हणजे त्या गुरुवारी दोनदा मेसेज तुझ्याकडे गेला. मी काउंटरवर बसले होते आणि तू तिकडे तो वाचत होतास. आणि मग मला लिहिलंस, आठवत नाही.

मी ओरडत नाहीये. आज अंगात ते बळच नाही. सकाळी सहा नंबरची बस धुताना आतल्या काचेवर बोटाने लिहिलेलं दिसलं, ‘बसवाल्या मावशी कधी येणार’. तेवढी काच मी पुसली नाही.

मला एवढंच सांग. त्या नोंदीत असं काय आहे, जे तुला माहीत आहे आणि मला नाही?

ताई

*

२२ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार लिहायला हात धजत नाही. आज रविवार आहे, वाचनालय बंद आहे, मी बांधणीच्या खोलीत बसून हे लिहितोय.

आकडी मला आली होती. तुला नाही.

मी बारा वर्षांचा होतो. सायकल शिकायची म्हणून हट्ट धरून बसलो होतो, आठवतंय? तू मला शिकवायला तयार होतीस. आणि एक दिवस मी अचानक म्हटलं, मला नाही शिकायची. तू मला आठवडाभर भित्रा म्हणून चिडवलंस. त्याच्या आदल्या दिवशी आईने मला स्वयंपाकघरात नेलं, दार लावून घेतलं आणि सांगितलं. मी दोन वर्षांचाही नव्हतो तेव्हा मला आकडी आली, डोळे पांढरे केले, हातपाय ताठ झाले. ती मला उचलून दवाखान्यात पळाली. माझं कार्ड काढलेलंच नव्हतं, म्हणून फळीवर होतं ते तुझं कार्ड घेतलं. खिडकीवरच्या माणसाने कार्ड पाहिलं, मला पाहिलंच नाही. म्हणाली, “ते पुन्हा येऊ शकतं. सायकल नको, पाण्यात उतरायचं नाही, उंचावर चढायचं नाही. आणि कुणाला बोलायचं नाही. ताईला तर नाहीच, ती गावभर करेल.”

तुला वाटतं मी पुस्तकांच्या प्रेमापायी बांधणीचं काम घेतलं. सगळे असंच समजतात, मीही तसंच सांगतो. खरं सांगू? हे काम जमिनीवर बसून करतात, ताई. जमिनीवरून माणूस कुठे पडणार?

पस्तीस वर्षांत मी अंघोळ करताना दाराला कडी लावलेली नाही. रस्त्याने चालतो तो भिंतीच्या बाजूने. तुझी मुलं झाली तेव्हा मी त्यांना बसूनच घेतलं, उभ्याने कधी घेतलं नाही, तुझ्या लक्षात आलं नसेल. आकडी पुन्हा एकदाही आली नाही. पण आजवर आली नाही म्हणून उद्या येणार नाही, हे कोण सांगणार? डॉक्टरला कधी विचारलं नाही. विचारलं की तो लिहून ठेवणार, आणि लिहून ठेवलेलं कुठे कुठे पोचतं ते तू बघतेच आहेस. वाचनालयाच्या अर्जात ‘पूर्वी कधी आकडी आली आहे का’ असा रकाना होता. मी ‘नाही’ लिहिलं. खोटी माहिती दिली तर कामावरून कमी करतात, हेही खालीच छापलं होतं.

आणखी एक, आता सांगतोच आहे तर. दोन वर्षांपूर्वी ग्रंथपालबाई म्हणाल्या होत्या की आपण दोघंही एकटे आहोत, दोघांनाही चहा दोन वेळा लागतो, तर एकाच घरी का करू नये. मी म्हटलं, सध्या कामाची फार घाई आहे. तीच घाई अजून चालू आहे. उद्या भर रस्त्यात त्यांच्यासमोर डोळे पांढरे करून पडलो तर, हा एकच विचार माझ्या डोक्यात होता. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, शिडी मात्र अजून त्याच चढतात.

त्या गुरुवारी मेसेज आला. ‘आरोग्य नोंद उघडण्यासाठी सहा अंक. हे कुणालाही सांगू नका.’ शासनाचं म्हणणं मी इतकं तंतोतंत आयुष्यात कधी पाळलं नव्हतं. दोन्ही वेळा फोन उपडा ठेवला आणि पुठ्ठे चिकटवायची खळ ढवळत बसलो. इतकी ढवळली की गुठळ्या झाल्या.

माझ्या आजाराने तुझी बस घेतली, आणि वर मी तुला गुडघेदुखीचा उपदेश केला. याबद्दल तू मला काय म्हणशील ते कमीच आहे.

धाकटा

*

२५ फेब्रुवारी

वेड्या,

पत्र वाचून मी बसच्या पायरीवर बसून रडले. पाण्याचा पाइप चालूच राहिला, अंगणात तळं झालं.

तुला भित्रा म्हटल्याचं आठवतंय. इतक्या वर्षांनी ते परत घेते. आईवर मात्र राग काढणार आहे, वर गेल्यावर. मी गावभर करेन म्हणे! केलंही असतं कदाचित. पण आधी तुझ्याजवळ बसले असते.

आता नीट वाच. सोमवारी, दोन तारखेला, सकाळी अकरा वाजता मी त्या चार नंबरच्या खिडकीवर असेन. बाई बटण दाबतील आणि मी तुला फोन लावेन. उचललास तर आकडे सांग. पण त्यानंतर त्या नोंदीवर तुझं नाव चढेल, हे मी बाईंना विचारून घेतलंय. तुझ्या नोकरीचं काय होईल ते त्यांना सांगता येईना. म्हणून माझी बस की तुझी नोकरी, हे मी ठरवणार नाही. नाही उचललास तरी मी तुझी ताईच राहीन. बस धुणं तसं मला जमायला लागलंय.

ताई

*

३ मार्च

चि. चिकटराव,

आशीर्वाद, आशीर्वाद, आशीर्वाद. माझा जीव भांड्यात पडलाय आणि त्याचा आवाज अख्ख्या गल्लीला ऐकू गेलाय.

काल तू फोन उचललास. पहिल्याच घंटेला! मी इतकी दचकले की ‘हॅलो’ म्हणायच्या ऐवजी ‘कोण?’ म्हणाले. तुझा आवाज नेहमीसारखा बारीक, बाईंना काचेपलीकडे ऐकू जाईना, म्हणून मी स्पीकर चालू केला. त्यामुळे कुणालाही सांगू नयेत असे ते सहा आकडे तू सबंध हॉलला सांगितलेस. मागच्या आजोबांनी तर सोबत मोजलेसुद्धा.

नोंद उघडली. बाईंनी वाचलं, ‘आकडी.’ मग तुला विचारलं, “ही नोंद तुमची आहे असं तुमचं म्हणणं आहे. तुमच्या नावावर हलवू का? एकदा हलवली की ती तुमची.” आणि तू म्हणालास, “हो. माझीच आहे. माझ्या नावावर लावा.” तसं तू कधी कशाला स्पष्ट ‘हो’ म्हणाल्याचं मला आठवत नाही.

आणि सवयीप्रमाणे ठेवून दिलास! वर बंदही करून टाकलास. मी सहा वेळा लावला. गाढवा, त्यानंतरच तर खरी गंमत झाली.

हलवायच्या आधी बाईंना मूळ कागद तपासावा लागतो. त्या म्हणाल्या, जुने केसपेपर चढवताना कुणीतरी टाइप केलं तो हा एक शब्द, पण मूळ पानाचा फोटो आत ठेवलेला असतो, आणि तो मालकाने मागितल्याशिवाय कुणी उघडत नाही. त्यांनी तो उघडला. पंचेचाळीस वर्षांपूर्वीचं पान, कडा पिवळ्या, अक्षर डॉक्टरचं, म्हणजे मुंग्यांची रांग. बाईंनी चष्मा डोळ्यांना लावला आणि मोठ्याने वाचायला लागल्या. वाचता वाचता त्यांचा आवाज बदलला. मग पडदा सरळ माझ्याकडे वळवला. त्यावरून मी जसंच्या तसं उतरवतेय. पान सोबत जोडलंय, पण तुला ते अक्षर लागणार नाही.

‘मुलगा, वय एक वर्ष आठ महिने, वजन साडेदहा किलो. आईने बहिणीचे कार्ड आणले आहे. मुलाचे नवे कार्ड काढून हा कागद त्यात लावावा. दोन दिवस जास्त ताप. तापामुळे एकदा आकडी, दोन मिनिटे, आपोआप थांबली. तपासणी उत्तम. लहान मुलांत तापात असे होते, वय वाढल्यावर राहत नाही. हा आकडीचा आजार नव्हे. औषध नको, कोणतेही बंधन नको. आईस समजावून सांगितले. आई फार घाबरलेली आहे, ऐकण्याच्या स्थितीत नाही. पुन्हा सांगावे.’

पुन्हा सांगावे, असं लिहून ठेवलं होतं त्या भल्या माणसाने. पण तो कागद लागला माझ्या कार्डात. तुझ्यासाठी पुन्हा कुणी दवाखान्यात गेलं तर नव्या कार्डावर गेलं, आणि आईला कुणी पुन्हा सांगितलं नाही. तिने अर्धंच ऐकलं आणि तेवढंच तुला दिलं. तिच्यावरचा राग आता काढवत नाही रे. ती एकटी केवढी घाबरली असेल.

मी लगेच माझ्या डॉक्टरांकडे पान घेऊन गेले, खात्री करायला. ते म्हणाले, शंभरातल्या दोन-चार मुलांना असं होतं, विसरून जावं इतकी साधी गोष्ट. मी विचारलं, तो सायकल चालवू शकतो का? म्हणाले, “विमान चालवायचं असेल तर आधी शिकून घ्यायला सांगा.” तुझ्या त्या अर्जातल्या रकान्याचंही मी विचारलं. त्यांनी हे पान पाहून दोन ओळी लिहून दिल्यात, तो कागदही सोबत आहे. तू ते दोन्ही ग्रंथपालबाईंच्या हातात दे आणि जे झालं ते सरळ सांग. लपवालपवीचे आपल्या घराचे दिवस संपले.

माझं म्हणशील तर नोंद काल संध्याकाळीच हलली, आज सकाळी लायसन्स हातात. नंबरही माझा घालून घेतला. लायसन्सवाल्या कारकुनाला मी ती पाटी कागदावर उतरवून दिली, शब्द न् शब्द. म्हटलं, पुढच्या माणसाला चार नंबरच्या खिडकीचा रस्ता दाखवा. त्याने कागद काचेखाली ठेवला. उद्या सकाळी सहा नंबर पुन्हा माझी. ते काचेवरचं लिहिलेलं मी आत्ताच पुसून आले.

आता शेवटचं. त्या डॉक्टरांचं काम पंचेचाळीस वर्षं बाकी राहिलंय, ते मी करते. नीट ऐक, ‘हं’ म्हणू नकोस. तुला काही झालेलं नव्हतं. तुला काही होणार नाही. पुन्हा सांगते, तुला काहीही झालेलं नव्हतं. लागेल तितक्या वेळा सांगेन, फोन उघडा ठेव.

ताई

*

७ मार्च

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. पुठ्ठे बाजूला सारून, खरोखर घातलेला.

तुझं पत्र गुरुवारी आलं. मी ते तीनदा वाचलं, मग अंघोळीला गेलो आणि दाराला आतून कडी लावली. आत उभा राहून रडलो. बाहेर आलो तेव्हा दुपार झाली होती, आणि कामावर पहिल्यांदाच उशिरा पोचलो.

काल ते पान आणि डॉक्टरांच्या दोन ओळी ग्रंथपालबाईंच्या टेबलावर ठेवल्या. अर्जाचं सांगितलं, स्वयंपाकघराचं सांगितलं, घाईचंही सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग माझा जुना अर्ज फायलीतून काढला, त्याला ते पान टाचणीने लावलं आणि म्हणाल्या, “तुम्ही ‘नाही’ लिहिलंत, ते बरोबरच निघालं. मात्र पुढच्या वेळी आधी विचारा.” तेवढ्यावर फाइल बंद झाली, आणि मी पस्तीस वर्षं कशाला घाबरत होतो ते मला क्षणभर आठवेना.

त्या नेहमीसारख्या शिडीकडे निघाल्या. मी म्हटलं, आज मी चढतो.

अकरा पायऱ्या आहेत, ताई. सातवीवर मी शिडीलाच मिठी मारून थांबलो. वर पोचलो तर फळीवर एवढी धूळ की मला सटासट सहा शिंका आल्या. पण पडलो नाही. वरून आपली बांधणीची खोली दिसते, मी बसतो ती चटईही दिसते. फार लहान दिसते.

खंड काढून खाली पाहिलं तर बाई दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरून उभ्या होत्या. मी म्हटलं, “तुम्ही चढायचात तेव्हा मी कधी धरली नाही. धरायला कुणी लागतं का?”

त्या म्हणाल्या, “लागतं. मी दोन वर्षांपूर्वीच म्हटलं होतं.”

पुढचं पत्रात लिहीत नाही. रविवारी तुला फोन करतो, आणि या वेळी मी ठेवणार नाही.

तुझा,
धाकटा